दीड तिकिटाची सहल

मी बचत गटांची समन्वयक. एरवी मी तुमच्याशी कर्जाचे हप्ते, पासबुक, शेळीचा विमा असल्या विषयांवर बोलते. आज मात्र विषय वेगळा आहे. आज मी सहलीवर बोलणार आहे. गटाच्या अभ्याससहलीवर नाही आणि जीप भरून देवदर्शनाला जातो त्यावरही नाही. नवरा-बायकोनं, दोघांनीच, एक दिवस बाहेर जाण्यावर.

हसलात ना? आमच्या गटाच्या बैठकीतही सगळ्या अशाच तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. मी विचारलं होतं, "लग्न झाल्यापासून तुम्ही दोघंच, लेकरं नाहीत, सासू नाही, शेजारी नाहीत, असे शेवटचे कुठं गेला होता?" हसू ओसरलं आणि मग उत्तरं आली. निम्म्याजणी म्हणाल्या, जेजुरीला. लग्नाची हळद अंगावर असताना मालकांनी उचलून पाच पायऱ्या चढवलं होतं, तेवढंच. तरी तिथंही मागं करवल्या होत्याच. एक म्हणाली, "आम्ही बँकेत गेलो होतो, पीककर्जाच्या सहीला." दुसरी म्हणाली, "दवाखान्यात. सोनोग्राफीला." तिसरी जरा विचार करून म्हणाली, "मयतीला गेलो होतो, गाडीवर दोघंच होतो." मग कुणीच हसलं नाही.

मलाही हसता आलं नाही, कारण माझंही तसंच होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, दोन लेकरं होती, आणि आमचं दोघांचं बोलणं काय, तर पंपाची लाईट कधी येणार, दुधाचा पगार किती आला, पोरीची फी भरली का. रोज एका घरात, एका छपराखाली. पण दोघांना निवांत असं एकही ठिकाण नाही. बाजारात गेलो तरी हे दहा पावलं पुढं आणि मी पिशव्या घेऊन मागं.

शहरातली माणसं शनिवार-रविवार बघून फिरायला जातात. आपल्याकडं म्हशीला रविवार कळत नाही. सकाळची धार, संध्याकाळची धार, मधे रान. म्हणून आपण आधीच म्हणून टाकतो, हे आपलं काम नव्हं. मीही तेच म्हणत होते. मग दोन वर्षांपूर्वी आम्ही औंधला गेलो, ती गोष्ट सांगते.

औंध म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. यमाईमुळं ते सगळ्यांना माहीत आहे. पण तिथं दरवर्षी गाण्याचा मोठा उत्सव होतो, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? अंतूबुवा जोशी नावाचे मोठे गवई होते. आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या आठवणीसाठी त्यांनी 1940 साली हा उत्सव सुरू केला. पुढं त्यांचे चिरंजीव गजाननबुवा यांनी तो चालवला आणि आजही तो होतो. तिथी ठरलेली, आश्विन वद्य पंचमी. कोजागरी झाली की पाचवा दिवस. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव देशभर माहीत आहे, तो 1953 साली सुरू झाला. म्हणजे आपल्या औंधचा उत्सव त्याच्याही आधीचा. आणि तो खेड्यात होतो. मोठमोठे गवई आपल्याकडं येऊन गातात आणि आपण तेव्हा घरात सोयाबीन वाळवत असतो.

मी बी.ए.ला असताना आमच्या सरांनी या उत्सवाबद्दल सांगितलं होतं. तेव्हापासून मनात होतं, पण मनातलं तोंडावर यायला बारा-तेरा वर्षं लागली. त्या वर्षी धीर करून मी यांना म्हटलं, "अहो, औंधला गाणं ऐकायला जाऊया का? आपण दोघंच." हे म्हणाले, "गाणं? ते आ-ऊ करत्यात ते? त्यापरीस मोबाईलवर लाव की." मी म्हटलं, "यमाईची ओटी भरायची राहिलीय. ओटी भरू, मग दहा मिनिटं बसू." देवीचं नाव काढलं म्हणून हे तयार झाले. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, काही बोलल्या नाहीत. पण भांडी जरा जोरात आपटली. शेजारच्या काकींना मी म्हटलं, "संध्याकाळची धार तेवढी काढा, अंधार पडायला येतोच." लेकरांना आत्यांपाशी ठेवलं, चार भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधली आणि आम्ही एस.टी.त बसलो.

इथं एक हिशेबाची गोष्ट सांगते. 17 मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे जोडपं निघालं तर दोन तिकिटं नाहीत, दीड तिकीट. कंडक्टरनं आमच्या हातात एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट दिलं, तेव्हा हे हळूच म्हणाले, "तुला न्यायचं परवडतंय की." तेरा किलोमीटरमध्ये आम्ही पहिल्यांदाच हसलो.

औंधला उतरून डोंगर चढायला लागलो. वाटेवरच श्रीभवानी वस्तुसंग्रहालय आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते 1938 साली उभं केलं. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे ते हेच. राजे स्वतः चित्रं काढायचे, कीर्तनंही करायचे. आत राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. ज्या चित्रांच्या नकला आपण कॅलेंडरवर बघत आलो, त्यातल्या बायका तिथं समोर उभ्या असतात. साडीचा काठ असा काढलाय की हात लावून बघावासा वाटतो. हेन्री मूर नावाच्या इंग्लंडच्या मोठ्या शिल्पकाराचं आई आणि मूल हे शिल्पही तिथं आहे. मी त्याच्यापुढं थांबले. माझी पोरगी तान्ही असताना मी तिला कसं धरायची, ते आठवलं. हे मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तू आपल्या पोरीला असंच धरायचीस." तेच माझ्या मनात होतं. ते यांनी बघितलेलं होतं, हे मला अकरा वर्षांनी कळलं.

वर यमाईची ओटी भरली. झाडाखाली बसून भाकरी खाल्ली. आणि मग खाली उत्सवाला आलो.

आता गाण्याचं खरं सांगते. पहिली वीस मिनिटं मला काहीच कळलं नाही. गवई डोळे मिटून एकेक सूर लांबवत होते, शब्द धड ऐकू येत नव्हते, तबला अगदी सावकाश. यांनी दोनदा घड्याळ बघितलं, एकदा जांभई दिली. मला वाटलं, चूक झाली. आता घरी जाईपर्यंत बोलणी खावी लागणार.

मग यांचं लक्ष गेलं मागं ठेवलेल्या तंबोऱ्याकडं. शेवटी शेतकऱ्याचा डोळा. शेजारच्या आजोबांना विचारतात, "हा एवढा भोपळा पिकतो तरी कुठं?" आजोबा हौशी निघाले. म्हणाले, हा खाण्याचा भोपळा नाही. पंढरपूर, मंगळवेढ्याकडं शेतात पिकवतात, वाळवतात, आणि मिरजेचे कारागीर त्याचे तंबोरे करतात. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला आता भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय. हे सावरून बसले. ज्या वाद्याचा भोपळा आपल्यासारख्याच कुणीतरी पिकवलाय, ते परकं कसं राहणार?

आजोबांनीच मग सांगितलं, तालाचं एक चक्र असतं. फिरून फिरून ते जिथं येऊन ठेपतं ती सम. गवई कुठंही हिंडून येऊ दे, समेवर बरोबर येतो. आमचे हे गावच्या भजनी मंडळात टाळ वाजवतात. त्यांना ही खूण पुरेशी झाली. दोन-चार चक्रांनंतर यांची मान आपोआप हलली आणि मला कोपरानं डिवचून म्हणाले, "आली बघ सम." पुढच्या वेळी मलाही ती सापडली. आणि सगळ्या मांडवाची मान एकदम हलली, त्यात आमच्या दोघांच्याही होत्या.

मैत्रिणींनो, आपल्या आया-आज्या जात्यावर ओव्या म्हणायच्या. जातं पहिल्यांदा जड, सावकाश फिरतं, मग हाताला लय सापडते आणि ते हलकं होतं. हे गाणंही तसंच आहे. आधी सावकाश, मग हळूहळू लय वाढते, शेवटी जलद. पहिल्या वीस मिनिटांत उठलात तर जड जातं ओढून परत आल्यासारखं होईल. मोबाईलवर दोन मिनिटं ऐकून हे कळत नाही. समोर गवई घाम पुसतोय, तबलजी त्याच्याकडं बघून हसतोय, शेजारचा म्हातारा "वाह" म्हणतोय, हे सगळं मिळून ते गाणं होतं.

दहा मिनिटं म्हणून बसलो आणि शेवटची एस.टी. गेली. मी दोनदा म्हटलं, "अहो, गाडी." हे म्हणाले, "हे संपू दे." जो माणूस यायला तयार नव्हता, तोच आता उठायला तयार नव्हता. शेवटी शेजारच्या गावातल्या माझ्या मावशीकडं फोन केला, मावसभाऊ गाडी घेऊन आला आणि रात्री तिथं राहिलो. काकींना कळवलं. त्या फोनवर म्हणाल्या, "सकाळची धार पण काढते, निवांत ये." पण आत्या फोनवर आल्याच नाहीत.

त्या रात्री मावशीच्या अंगणात आम्ही बराच वेळ बसलो. हे बोलत होते. मला माहीत नव्हतं की यांनी खतवाल्याची उधारी माझ्यापासून लपवली होती. मी ओरडेन म्हणून. माझ्या डाव्या हाताला मुंग्या येतात, हे मीही यांना सांगितलं नव्हतं. खर्च काढतील म्हणून. घरात ही दोन्ही बोलणी झाली असती तर भांडणच झालं असतं. तिथं झालं नाही. पुढच्या आठवड्यात उधारीचा हिशेब वहीत आला आणि मी दवाखान्यात जाऊन आले. सहलीचा सगळा खर्च, तिकीट, ओटी, चहा धरून, साडेचारशेच्या आत होता.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. आत्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी सुपात गहू निवडत बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "देवीची माझी ओटी भरलीस का?" म्हटलं, "भरली." मग खाली बघतच म्हणाल्या, "मी आन् तुझे मामंजी एकदाच दोघं बाहेर गेलो होतो. मिरजेला. दवाखान्यात. येताना मी एकलीच आले."

एवढंच बोलल्या आणि पुन्हा गहू निवडायला लागल्या.

आदल्या दिवशी मी मिरजेचं नाव तंबोऱ्यासाठी ऐकलं होतं. आत्यांना मिरज एवढीच माहीत होती. आज हा विषय मी रेडिओवर काढला तो त्या वाक्यामुळं. आपण सगळ्या म्हणतो, पोरांची लग्नं होऊ द्या, कर्ज फिटू द्या, घर बांधून होऊ द्या, मग जाऊ. ते "मग" बऱ्याच जणींच्या वाट्याला येत नाही.

आता मुद्दा असा, की जायचं म्हटलं तरी जमणार कसं? पैशापेक्षा मोठी अडचण म्हशीची आणि लेकरांची. त्याचं उत्तर आपल्याकडं आधीपासून आहे. ते म्हणजे सावड. आपण खुरपायला सावड करतो, भांगलणीला करतो. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. काकींनी माझ्या दोन धारा काढल्या होत्या. ते देणं मी कसं फेडलं? पंधरा दिवसांनी काकी आणि काकांना सज्जनगडाला पाठवलं आणि दिवसभर त्यांचं घर मी सांभाळलं. पुढच्या बैठकीत काकींनीच हे सगळ्यांना सांगितलं आणि आमच्या गटात सहलीची सावड सुरू झाली.

आम्ही काय ठरवलं ते सांगते. तुम्हाला पटलं तर तुमच्या गटात ठेवा.

पहिलं, महिन्याच्या बैठकीत पुढच्या महिन्यात कुणाची पाळी ते ठरवायचं आणि तारीख वहीत लिहायची. वहीत लिहिलेली तारीख घरातही मानतात. "गटाचं ठरलंय" म्हटलं की सासूही फार बोलत नाही.

दुसरं, धार कोण काढणार, लेकरं कुणाकडं जेवणार, हे नावानिशी ठरवायचं. "बघू कुणीतरी" असं ठेवायचं नाही.

तिसरं, सहलीसाठी गटातून कर्ज घ्यायचं नाही. हे मी समन्वयक म्हणून ठासून सांगते. घरात वेगळा डबा ठेवायचा. आठवड्याला दहा रुपये तुमचे, दहा त्यांचे. वर्षाचे होतात 1040 रुपये. एवढ्यात जवळपासच्या दोन सहली होतात. आणि दहा रुपये त्यांचेही हवेतच, कारण सहल दोघांची आहे.

चौथं, मोबाईल अडीअडचणीपुरता. फोटो एक-दोन काढा आणि ठेवून द्या. आणि रस्त्यानं चालताना शेजारी चाला. मागं नाही.

पाचवा नियम आमच्या एका ताईमुळं झाला. तिचे मालक गेलेत. ती बैठकीत म्हणाली, "सावड माझ्याकडून घेणार, धार मी काढणार, मग माझी पाळी कधी? जोडप्यांचंच का सगळं?" आम्ही सगळ्या गप्प. तिचं बरोबर होतं. म्हणून आता नियम असा आहे, की जिचा जोडीदार नाही, तिनं बहिणीला, मैत्रिणीला, लेकीला, जिला न्यायचं तिला न्यावं. पाळी सगळ्यांना सारखी. त्या ताई यंदा त्यांच्या धाकट्या बहिणीला घेऊन गेल्या.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. ज्या घरात मारहाण आहे, दारूपायी छळ आहे, तिथं सहल हे औषध नाही. "फिरायला जा म्हणजे सुधारेल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गटात बोला, 181 या महिला मदत क्रमांकावर फोन करा. सहल ज्यांचं बरं चाललंय पण बोलणं आटलंय, त्यांच्यासाठी आहे.

कुठं जायचं? लांब जायला नको. आमच्या गटातलं एक जोडपं वाईला मेणवलीच्या घाटावर जाऊन दिवसभर नदीकाठी बसून आलं. एक जोडपं साताऱ्याला शाहू कला मंदिरात नाटक बघून आलं. त्या वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा पडदा उघडताना बघितला. एक जोडपं कास पठारावर गेलं. पावसाळा सरता सरता तिथं फुलं येतात. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं, म्हणून सुट्टीच्या दिवशी तिथं शहरातल्या माणसांची फार गर्दी असते. आपल्याला रविवार नाही ना, मग आपण मंगळवारी-बुधवारी जावं. नोंदणी आणि तिकिटाची मात्र आधी चौकशी करून जा. आणि एक जोडपं तर गावाजवळच्या धरणावर भेळ खाऊन परत आलं. तीही सहलच.

गाण्याला जाणार असाल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. एक गाणं संपल्यावरच उठा, मधे उठू नका. खाली बसायचं असतं म्हणून एखादी सतरंजी किंवा शाल बरोबर घ्या, ऑक्टोबरच्या रात्री गारवा असतो. भाकरी-पाणी जवळ ठेवा, पण मांडवाबाहेर खा. आणि परतीच्या शेवटच्या एस.टी.ची वेळ उतरल्या उतरल्या कंट्रोलरला विचारून घ्या. ही शेवटची गोष्ट मी अनुभवानं सांगते.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा औंधला गेलो. या वेळी यांनीच कॅलेंडरवर पंचमीला गोल केला होता. निघताना आत्यांनी भांडी आपटली नाहीत. ओटीचा नारळ त्यांनीच पिशवीत घातला आणि म्हणाल्या, "म्हशीचं मी बघते. गाडी चुकली तर चुकू दे."

तर मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं झाली की घरातल्या माणसाला एवढंच विचारा, "आपण दोघं कुठं जायचं?" उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल. यांचंही पहिल्या दिवशी आलं नव्हतं. आणि पुढच्या बैठकीत वहीत पहिली तारीख लिहा. तुमची सहल कशी झाली ते रेडिओ केंद्रावर येऊन आम्हाला सांगा.